श्रावणी सोमवारच्या चाळीस सह्या

“मौन म्हणजे तोंड मिटायचं, कान नाही. ध्यानात ठेव.”

लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात आमच्या सासूबाईंनी मला हे सांगितलं. त्या साताऱ्याच्या घरी वाती वळत होत्या आणि मी, नवी सून, समोर बसून मान डोलावत होते. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून हुशार! तेव्हापासून श्रावणातल्या प्रत्येक सोमवारी सूर्योदयापासून दिवेलागणीपर्यंत मी बोलत नाही. पंधरा श्रावण झाले, एक सोमवार मोडला नाही. एकदा तर सोमवार विमानात आला. हवाईसुंदरीने चहा की कॉफी विचारलं, मी मान डोलावली, तिने दोन्ही आणून दिलं. मी दोन्ही प्यायले, पण शब्द काढला नाही.

तर व्रताच्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवायचं कारण नाही, असा माझा एक शांत, सोज्वळ अहंकार होता. तो कसा उतरला, ते सांगते.

साल त्र्याण्णव. सिंगापूरच्या बुओना व्हिस्टा स्टेशनच्या मागची आमची इमारत जुनी. लिफ्ट थांबायची ती पहिल्या, पाचव्या आणि नवव्या मजल्यावर. बाकीच्यांनी आपापल्या नशिबाने जिना चढावा नाहीतर उतरावा. आम्ही चौथ्यावर. आम्ही म्हणजे मी, आमचे हे पद्माकर, आणि अकरा वर्षांची ऋता. हे जहाज दुरुस्तीच्या यार्डात इंजिनियर, बॉयलरमधले जाणकार. बॉयलर तापला तर यांना कळायचं, बायको तापली तर नाही.

इमारतीत सगळ्यांकडे स्वयंपाकाला सिलिंडर. आंघोळीचं पाणी कुणी विजेवर तापवी, कुणी पातेल्यात. टाउन कौन्सिलने ठरवलं की सिलिंडर बंद करून घरोघरी नळाने गॅस द्यायचा, त्याच गॅसवर चूल आणि त्याच गॅसवर गरम पाणी. आमच्या जिन्याला चाळीस घरं, दहा मजल्यांवर चार-चार. एकावर एक असलेल्या दहा घरांना मिळून एकच पाइप खालून वर जाणार होता. मधल्या एका घराने नाही म्हटलं की त्याच्या वरची सगळी घरं अडणार. म्हणून आधी घरोघरी विचारायचं होतं. इमारतीच्या कमिटीने बॉयलरवाला माणूस म्हणून यांना गळ घातली, हे जिन्यातच हो म्हणाले, आणि लगेच यार्डात एक जहाज आडवं आलं.

रविवारी कौन्सिलच्या मिस यिप कमिटीच्या खोलीत कागद द्यायला आल्या तेव्हा यांच्या जागी मी गेले. मिस यिप तिशीच्या, नीटनेटक्या, पेनाला टोपण लावल्याशिवाय दुसरं वाक्य न बोलणाऱ्या. त्यांनी सगळं तीन-तीनदा समजावलं. फॉर्मची दोन पानं होती. पहिल्यावर सही. दुसऱ्यावर त्या घराची अडचण: कोण म्हातारं आहे, कोण आजारी आहे, भिंत फोडली तर कुणाचं काय बिघडेल. सोबत पाइप कुठून जाणार त्याचा नकाशा. “पहिलं पान आमच्यासाठी आहे आणि दुसरं त्यांच्यासाठी,” त्या म्हणाल्या. “मला दुसरं पान जास्त हवंय.” मी मान डोलावली. मला रविवारची कहाणी वाचायची राहिली होती आणि लक्ष घड्याळाकडे होतं.

रात्री जेवताना यांनी आठवण केली की उद्या सोमवार. नऊ ऑगस्ट, सिंगापूरचा राष्ट्रीय दिन, त्यामुळे सुट्टी आणि सगळे घरी. पण तिसरा श्रावणी सोमवारही तोच. “तोंडाचं काय करणार आहेस?”

“तोंडाचं काम काय त्यात?” मी म्हटलं. “मंडळाच्या मंगळागौरीला पन्नास बायका मी एका पंगतीत बसवल्यात. चाळीस सह्या म्हणजे काय! कागद दाखवायचा, बोट ठेवायचं, सही घ्यायची.”

आणि शुभारंभ म्हणून पहिली सही मी आपलीच केली.

सोमवारी सकाळी पूजा आटोपून मी निघाले. पहिलं दार पाचव्या मजल्यावरच्या मकचिक रोकिया यांचं. मकचिक म्हणजे मलाय भाषेत मावशी. इमारतीतली कुठलीही बातमी लिफ्टच्या आधी वर पोचायची ती यांच्यामुळे. मी हात जोडले, ओठांवर बोट ठेवलं, मान हलवून ‘बोलत नाही’ अशी खूण केली आणि कागद पुढे धरला. मुळात मी इतकी हळू बोलणारी की तीन वर्षांत त्यांनी माझा आवाज ऐकलाच नव्हता. जिन्यात हसायचं आणि पुढे जायचं, एवढीच आमची ओळख. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाल्या, “कासियान.” म्हणजे बिचारी.

सही करून त्या चपला घालून माझ्यापुढे जिना चढू लागल्या. मला वाटलं, सोबत करताहेत, केवढी माया! प्रत्यक्षात त्या वर्दी देत चालल्या होत्या. सातव्या मजल्यावर मी पोचायच्या आत दारं उघडी होती. एका अंकलनी माझ्या कानाशी तोंड आणून, आगगाडीला निरोप द्यावा तशा आवाजात, तुमचं घर कितव्या मजल्यावर म्हणून विचारलं. मी चार बोटं दाखवली. ते बायकोकडे वळून म्हणाले, चार मुलं आहेत! कुणी संत्री दिली, कुणी बिस्किटांचा पुडा. माझा उपास, म्हणून मी हातानेच नको म्हणायची. त्याचा अर्थ ‘बाई गरीब आहे पण मानी आहे’ असा लागला आणि दुप्पट संत्री पिशवीत पडली.

आणि बोलली किती माणसं! न बोलणाऱ्यापुढे माणूस पातेल्यावरचं झाकण काढावं तसा मोकळा होतो. गुडघे, सुना, रात्रपाळ्या, कुणाचा पक्षाघात झालेला नवरा, कुणाला आगीची भीती. मी सगळ्यांपुढे हसत होते, मान डोलावत होते आणि मनात मोजत होते: सव्वीस, सत्तावीस.

शेवटी उरल्या आमच्या बरोब्बर खाली, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या चिनी गोह आंटी. वय अठ्ठ्याहत्तर, एकट्या, मूर्तीने माझ्याहून लहान. त्यांनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. चुलीशेजारी भिंतीवर लाल रंगाचं एक छोटं देवघर होतं, धुराने काळवंडलेलं. पुढे उदबत्ती, तीन इवले पेले. त्या देवाकडे बोट दाखवत त्या मलायत पुष्कळ काहीतरी बोलल्या. मग माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन एक प्रश्न विचारला, हे मला सुरावरून कळलं. देवाधर्माचं काहीतरी असणार. मी भक्तिभावाने मान डोलावली. त्यांनी सही केली.

दुपारी अडीचला चाळीस पूर्ण! घरी आले तर चाळीस दुसरी पानं कोरी. कोरा कागद कौन्सिलला देणं मला बरं वाटेना. मी बसले, चांगलं पेन घेतलं आणि वळणदार अक्षरात प्रत्येकावर इंग्रजीत लिहिलं: अडचण नाही. चाळीसदा. दिवेलागणीला दिवा लावून मौन सोडलं ते, “झालं बरं का सगळं,” या शब्दांनी.

मंगळवारी सकाळी कागद पोस्टाच्या पेटीत टाकून परत येत होते. लिफ्टपाशी गोह आंटी आणि हातात पालेभाजीची टोपली घेऊन मकचिक रोकिया उभ्या होत्या. मी म्हटलं, “गुड मॉर्निंग, आंटी.”

मकचिकच्या हातातली टोपली खाली पडली.

गोह आंटींनी माझ्याकडे एक क्षण पाहिलं. अगदी एकच क्षण. मग दोन्ही हात तिसऱ्या मजल्याच्या दिशेने जोडून त्यांनी मकचिकना मलायत काहीतरी सांगितलं, आणि मकचिकनी मला थरथरत्या इंग्रजीत त्याचा उलगडा केला. काल संध्याकाळी आंटींनी चुलीच्या देवापुढे माझ्यासाठी उदबत्ती लावली होती. देवाने वाचा दिली!

मी खुलासा करायला तोंड उघडलं. पण आधीच माझा आवाज तो असा, त्यात लिफ्टचं दार. मकचिक आत होत्या, मी बाहेर, आणि बातमी पाचव्या मजल्याकडे निघाली होती.

बुधवारी जिन्यात उदबत्तीचा वास. गुरुवारी तिसऱ्या मजल्यावर संत्र्यांची रास. अडीच वर्षांचं न बोलणारं बाळ घेऊन एक आई बसली होती, दमेकरी होते, परीक्षेला बसणारे होते. भेटेल त्याला मी सांगत होते की अहो, मी मुकी नव्हतेच. लोक म्हणत, ऐका, किती स्वच्छ बोलते! आमच्या फ्लॅटच्या नंबरावर कुणीतरी लॉटरीचं तिकीट काढलं आणि त्याला एक बारकं बक्षीसही लागलं. मग तर संपलंच. माझं बोलणं हा पुरावा ठरला होता. जितकं खरं सांगावं तितका चमत्कार पक्का होई.

“आई, यू सो मच ट्रबल लाह,” ऋता तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. यांनी एवढंच विचारलं की बॉयलरसाठी देव आहे का कुठे, यार्डात गरज आहे.

शनिवारी दुपारी मिस यिप दारात. हातात नकाशा, काखेत फाइल. त्यांच्याकडे चिठ्ठ्या आल्या होत्या: आमच्या रांगेतल्या गोह आंटींच्या वरच्या सात घरांपैकी सहा जणांनी सह्या मागे घेतल्या होत्या. त्या भिंतीला हात लावायचा नाही, नळाचा गॅस नको, गरम पाणी नको. “चाळीस घरं, एकही अडचण नाही,” मिस यिप म्हणाल्या. “म्हणून आम्ही तुमचा जिना सगळ्यांत आधी घेतला. पुढच्या महिन्यात भिंती फुटणार होत्या. मग एकाएकी हे काय?”

त्यांनी टेबलावर नकाशा पसरला. मी तो रविवारी घडी करून घेतला होता, तो मंगळवारी तशाच घडीने परत गेला होता. एक लाल रेघ तळापासून वर गेलेली, प्रत्येक घरातल्या स्वयंपाकघराच्या त्याच कोपऱ्यातून. तिसऱ्या मजल्यावर मिस यिपनी पेनाचं टोक टेकवलं. इथे आंटींचा देव. मी सहज पेनाच्या पुढे बोट सरकवलं. चौथा मजला. तोच कोपरा.

मी मान वळवून आमच्या स्वयंपाकघराकडे पाहिलं. त्या कोपऱ्यात माझं देवघर होतं. सासूबाईंनी दिलेला बाळकृष्ण, महादेवाची पिंडी, आणि श्रावणभर न विझू देण्याचा संकल्प केलेला नंदादीप.

“इथून कसा नेणार?” माझा आवाज मलाच ओळखू येईना, इतका मोठा. “देव आहेत तिथे. निदान विचारायचं तरी होतंत!”

 मिस यिपनी फाइल उघडली, पहिलाच फॉर्म काढला, पान उलटलं आणि माझ्यासमोर ठेवलं. अक्षर खरंच वळणदार होतं. अडचण नाही.

पेनाला टोपण लावून त्या म्हणाल्या की मंगळवारी सकाळी त्यांची बैठक आहे. चमत्कार त्यांच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. अडचण मात्र बसते. “दुसऱ्या पानावर लिहिलेलं असेल तर मी थांबू शकते. माणसं नेऊ शकते, पाइप वळवू शकते, वेळ मागू शकते. लिहिलेलं नसेल तर नाही. मग रांग सोडून द्यायची, नाहीतर भिंत फोडायची.” जाताना त्यांनी दुसऱ्या पानाच्या चाळीस कोऱ्या प्रती टेबलावर ठेवल्या.

रात्रभर मला गोह आंटींचे दोन्ही हात आठवत राहिले. त्यांनी मला काय विचारलं होतं?

रविवारी ऋताला घेऊन खाली गेले. तिची शाळेतली दुसरी भाषा मलाय, म्हणून तीच दुभाषी. आंटींनी दार लावून घेतलं आणि आम्हाला चुलीपाशी बसवलं. मी खरं ते सांगितलं: मी मुकी नव्हते, ते व्रत होतं, तुमच्या देवाने काही केलं नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला तिचा देव खोटा आहे असं सांगताना मी दहा वळणं घेतली. ऋताने मात्र ते तीन वाक्यांत उरकलं.

आंटी हसल्या. मग ऋताच्या दंडाला धरून सावकाश, थांबत थांबत बोलल्या. ऋता माझ्याकडे वळली, आणि तिचं तोंड उघडं.

“आई, शी नोज. तिला पहिल्यापासून माहीत आहे. तू रोज संध्याकाळी आरती म्हणतेस ना, तिच्या किचनच्या खिडकीतून सगळं ऐकू येतं. थ्री इयर्स. तू मला ओरडतेस तेपण.”

आंटी घंटा हलवल्यासारखा हात हलवून आमच्या आरतीची चाल गुणगुणल्या. सूर पक्का होता.

मग त्यांनी सांगितलं. तो देव त्यांच्या नवऱ्याने लावलेला, या घरात आले त्या दिवशी, पहिली चूल पेटवायच्या आधी. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. घरातली बाकी प्रत्येक वस्तू मुलांनी बदलली, हीच काय ती नाही. चुलीचा देव असा कधीही उठवता येत नाही. चिनी वर्ष संपताना तो आठवडाभर वर स्वर्गात जातो, घराची हकीकत सांगायला. तेव्हा जागा रिकामी असते. तेव्हा काढा, भिंत फोडा, हवं ते करा. त्यांना पाइप नको नव्हताच. गरम पाण्याचं पातेलं उचलताना आता हात कापतात, म्हणाल्या. फक्त देव जाईपर्यंत थांबा, एवढंच त्यांचं मागणं.

“मग हे तुम्ही कौन्सिलला का नाही सांगितलं?” मी विचारलं.

“म्हातारीचं कोण ऐकतं?” ऋताने त्यांचं उत्तर मराठीत आणलं. “देवाचं ऐकतात. मंगळवारी लिफ्टपाशी तू बोललीस, मला देवाने ती संधी दिली. एवढा चमत्कार खरा आहे.”

मी खाली बघत बसले. आंटींनी माझी हनुवटी वर केली आणि ऋताला पुढचं सांगायला लावलं. 

“ती म्हणते, मी तुलाच सांगितलं होतं. देव जाईपर्यंत थांबवशील का, म्हणून विचारलं. तू मान डोलावलीस, म्हणून मी सही केली.”

सासूबाई वाती वळत माझ्या समोर बसल्या असत्या तर त्यांनी एक शब्द उच्चारला नसता. पंधरा श्रावण मी तोंड मिटलं होतं आणि त्यासोबत कानही, अगदी मनोभावे.

घरी आल्यावर यांना सगळं सांगितलं. उरलेले दिवस किती? रविवारची अर्धी इमारत बाहेर गेलेली, मंगळवारी सकाळी बैठक. म्हणजे सोमवारच. तोही शेवटचा श्रावणी सोमवार! हे म्हणाले, “कुमुद, एक दिवस बोललीस तर महादेव काही कोपणार नाही. चांगल्या कामासाठीच बोलशील.”

मीही तेच ठरवत होते. पण देवघरापुढे बसले आणि वाटलं, माझ्या बोलण्याची गरज आहेच कुठे? गेल्या सोमवारी माणसं भरभरून बोलली होती. कमी पडलं होतं ते ऐकणं. आणि कामाच्या दिवशी सकाळी घरी असतात त्या बायका आणि म्हातारी माणसं. चुलीपाशी उभी राहणारीही तीच.

एकच भीती होती. पुन्हा गप्प दिसले तर देवाने दिलेली वाचा देवाने काढून घेतली, अशी नवीच बातमी लिफ्टच्या आधी वर जायची. त्यावर ऋताने तोड काढली. तिची शाळा दुपारची, त्यामुळे सकाळी दुभाषी मिळणार होती. तिने तिच्या वहीचा पुठ्ठा कापला, वर मोठ्या अक्षरांत इंग्रजी आणि खाली मलाय लिहिलं आणि दोरा ओवून माझ्या गळ्यात घातला.

सोमवारी सकाळी पूजा झाली. नंदादीपात तेल घातलं. आपल्या घराच्या दुसऱ्या पानावर मी आधी लिहिलं: इथे देव आहेत, श्रावण संपल्यावर हलवीन, पण सांगून या. मग उरलेली एकोणचाळीस कोरी पानं आणि टोक काढलेल्या दोन पेन्सिली घेतल्या. गोह आंटींचं पान सगळ्यांत वर ठेवलं.

आरशात पाटी पाहिली. ‘मुकी नाही. फक्त सोमवारी.’

पंधरा वर्षांची तपश्चर्या एका पुठ्ठ्यावर, तीही लेकीच्या अक्षरात आणि ‘फक्त’ला खाली रेघ मारून! हे दाढी अर्धी टाकून बघायला आले आणि शहाण्या नवऱ्यासारखे उरलेली अर्धी करायला परत गेले.

मी चपला घातल्या, ऋताचा हात धरला, आणि एक मजला खाली जायला निघाले.